‘रेन चेक’ म्हणजे पावसाची चौकशी नव्हे : इंग्रजी वाक्प्रचारांचा अर्थ कसा लावावा

जुलै महिना, लोअर परळचं ऑफिस, बाहेर धो धो पाऊस. अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर कॉल चालू होता. उद्या पुन्हा अर्धा तास बोलू या का, असं आमच्या मॅनेजरने विचारलं आणि पलीकडून उत्तर आलं, ‘कॅन आय टेक अ रेन चेक?’ मी तत्परतेने मोबाइलवर हवामान पाहिलं आणि सांगून टाकलं, ‘हेवी रेन, सर. हाय टाइड ॲट एट थर्टी.’ दोन सेकंद शांतता, मग हशा. माझा पार पोपट झाला.

त्याला म्हणायचं होतं, ‘उद्या नको, पुन्हा कधीतरी.’ बेसबॉलचा सामना पावसात वाहून गेला की प्रेक्षकांना दुसऱ्या सामन्याला चालणारं तिकीट मिळायचं, ते रेन चेक. मला तिन्ही शब्द येत होते, आणि घात त्यांनीच केला. तेव्हापासून मी जी पद्धत वापरतो ती अशी.

१. आधी वाक्प्रचार ओळखा

सगळे शब्द ओळखीचे, तरी वाक्य विचित्र वाटतंय? मग तिथे वाक्प्रचार असण्याची शक्यता दाट. ‘चोराने पोलिसांच्या हातावर तुरी दिल्या’ हे वाचून मराठी शिकणारा बिचारा डाळीचा भाव शोधत बसेल. आणि तुरींच्या जागी मूग घातले की वाक्प्रचार संपला, उरली फक्त डाळ. इंग्रजीतही तसंच. ‘ही किक्ड द बकेट’ म्हणजे तो मेला. पण ‘द बकेट वॉज किक्ड’ म्हटलं की खरोखरच कुणीतरी बादलीला लाथ मारलेली असते.

२. कोश उघडण्याआधी पुढचं-मागचं वाक्य पाहा

‘आय वॉज फीलिंग अंडर द वेदर, सो आय टुक द डे ऑफ.’ सुट्टी घेतली म्हणजे बरं नसणार. निम्मा अर्थ इथेच हाती लागला. बोलणारा खूश आहे की वैतागलाय एवढं कळलं, तरी अंदाज फारसा चुकत नाही.

३. कोशात अख्खा वाक्प्रचार शोधा, पण मूळ रूपात

‘शी वॉज पुलिंग माय लेग’ हे असंच्या असं टाकलं तर सापडेलच असं नाही. क्रियापद साधं करा, ‘माय’ काढून ‘समबडीज’ घाला : ‘पुल समबडीज लेग’. अर्थाशेजारी बारीक अक्षरांत ‘ब्रिटिश’, ‘अमेरिकन’, ‘इन्फॉर्मल’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. आपण नेमकं तेच वाचत नाही. मी न वाचल्यामुळे एकदा रात्रभर जागून स्लाइड्स केल्या, कारण निरोप आला होता, ‘लेट्स टेबल धिस.’ लंडनचा माणूस असं म्हणाला तर विषय चर्चेला घ्यायचा असतो. न्यूयॉर्कचा म्हणाला तर तोच विषय बाजूला ठेवायचा असतो. निरोप न्यूयॉर्कचा होता.

४. तो आला कुठून, ते बघा

मला विचाराल तर खरी मजा इथे आहे. ‘यंदा परीक्षेत पानिपत झालं’ हे कळायला १७६१ माहीत हवं. इंग्रज अशा वेळी ‘मेट हिज वॉटर्लू’ म्हणतो. त्यामागे १८१५ साली नेपोलियनचा झालेला पराभव आहे. ही जोडी एकदा जुळली की पाठांतराची गरजच नाही.

क्रिकेटमधून आलेले वाक्प्रचार तर मुंबईकराला फुकटात मिळतात. ‘ऑन अ स्टिकी विकेट’, म्हणजे अवघड परिस्थितीत सापडलेला. उघडी खेळपट्टी पावसात भिजते, मग ऊन पडून वाळू लागते आणि चेंडू कधी अंगावर उसळतो, कधी सरपटत जातो. १९४८ पासून ऐन पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग ज्याने आझाद मैदानावर उभं राहून पाहिली आहे, त्याला हा अर्थ कोशातून काढायची गरज नाही. आपली अडचण होते ती अमेरिकन ऑफिसांत, कारण तिथली बरीचशी भाषा बेसबॉलची. ‘बॉलपार्क फिगर’ मागितली तर ढोबळ आकडा द्या. पै-पैचा हिशेब देऊ नका.

एक सावधगिरी मात्र बाळगा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या व्युत्पत्त्यांवर विसंबू नका. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणजे जुन्या इंग्लंडात पावसात गवती छपरांवरून कुत्री-मांजरं घसरून पडायची, ही गोष्ट छान आहे, पण तिला आधार नाही.

५. मराठी जोडीदार शोधा, पण जपून

‘टर्न अ ब्लाइंड आय’साठी आपल्याकडे ‘कानाडोळा करणे’ तयारच आहे. ‘क्रोकोडाइल टिअर्स’चे आपण कधीच ‘नक्राश्रू’ केले आणि ‘रेड टेप’ची ‘लालफीत’. पण वरचं ‘पुल समबडीज लेग’ घ्या. पाय ओढणे, असं सरळ भाषांतर केलंत की फसलात. आपल्याकडे पाय ओढणारा दुसऱ्याला वर चढू देत नाही. इंग्रजीत लेग पुल करणारा फक्त गंमत करतोय, फिरकी घेतोय. माझ्या एका सहकाऱ्याने ‘माय बॉस इज पुलिंग माय लेग’ अशी लेखी तक्रार केली होती. एचआरने ती विनोद म्हणून घेतली.

६. वापरायची घाई नको

समजणं आणि वापरणं यात काही महिन्यांचं अंतर ठेवा. वहीत नुसता अर्थ न लिहिता ऐकलेलं अख्खं वाक्य लिहा, कुणी कुणाला म्हटलं तेही लिहा. लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर टिपलं तरी चालेल. एकच वाक्प्रचार तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकला की मग तो तुमचा. नाहीतर सांत्वनाच्या पत्रात ‘किक्ड द बकेट’ लिहून बसाल. म्हणजे ‘आपले वडील गचकल्याचे कळले’ असं लिहिण्यासारखंच ते.

त्या क्लायंटने पुढच्या आठवड्यात रेन चेक वटवला, अर्ध्याचा पाऊण तास बोलला. आमच्या टीममध्ये मात्र अजूनही कुणी भलतंच उत्तर दिलं की कोपऱ्यातून आवाज येतो, ‘हाय टाइड ॲट एट थर्टी!’ नव्या मुलांना त्याचा अर्थ कुठल्याच कोशात सापडत नाही. मग ती मला विचारायला येतात.