विजयदुर्गात गाईड व्हायचंय? आधी भरती-ओहोटीचं गणित शिका

जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात विजयदुर्गही आला. तेव्हापासून 'काका, गाईड कसं व्हायचं?' असं विचारणारी पोरं वाढलीत. सनावळ्या पाठ करून आलेल्या मुलाला मी पहिल्यांदा विचारतो, आज तिथी कोणती?

तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ अंदाजे मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे बाराच्या आसपास ओहोटी. हे कोकणात घरोघरी ठाऊक असतं, पण फेरी आखताना फार कमी जण वापरतात. आपली फेरी सागरी गावाची आहे. गिर्ये गावाकडची आंग्र्यांची गोदी, वाघोटण खाडीकाठचा कातळ खोदून केलेली, ओहोटीलाच नीट दिसते. त्यातही अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, फारसं हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेला सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी लांब जातं, तेव्हा माणसं न्या. मग गोदी आधी की किल्ला आधी, हे ठरवायला लागत नाही. गोदी किल्ल्यापासून दूर आहे, तिथवर रिक्षा सांगा. आणि शेवाळलेल्या कातळावर चपला घालून कुणाला उतरू देऊ नका.

किल्ल्याची सुरुवात मी दरवाजापासून करत नाही, जेटीवरून करतो. तिथून खाडीचं तोंड आणि तटबंदी एका नजरेत येते. किल्ला इथेच का, हे समजावायला मग भाषण लागत नाही: आत खोल, आडोशाची खाडी, आणि तिच्या तोंडावर तोफा. शिवाजी महाराजांनी 1653 मध्ये हा किल्ला आदिलशाहीकडून घेतला. पुढे कान्होजी आंग्रे आणि त्यांच्या मुलांच्या काळात इथलं आरमार इंग्रज, पोर्तुगीज, डच सगळ्यांना नडलं.

जहाजांवर मात्र वेळ काढा. लोकांच्या डोळ्यांसमोर सिनेमातली उंच जहाजं असतात. आंग्र्यांचं लढाऊ जहाज, म्हणजे गुराब, तसं नव्हतं. दोन किंवा तीन डोलकाठ्या, मोठी असेल तर तीनशे टनांपर्यंत, तळ उथळ, नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, पुढे आलेली आणि तिच्यावरच तोफा. गलबत त्याहून लहान, शिडाबरोबर चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की गलबतं गुराबेला ओढून न्यायची. इंग्रजांचं जड जहाज तेव्हा जागच्या जागी डोलत राहायचं, आणि गुराबा मागून येऊन मारा करायच्या. हे सांगताना हात वापरा. दोन चपला जमिनीवर ठेवून दाखवलं तरी मुलं खिळून राहतात.

आता अवघड भाग. फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींनी किल्ला घेतला आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. इंग्रजांच्या बाजूने कोण होतं? नानासाहेब पेशवे. हे ऐकून कुणीतरी हमखास तुमच्यावर चिडतं. सांगायचं टाळू नका, आवाजही चढवू नका. तुळाजी आणि पेशवे यांचं वैर सांगा, मग बाणकोटच्या बदल्यात किल्ला पेशव्यांकडे आला हे सांगा, आणि 1783 मध्ये पेशव्यांच्या आरमाराचे प्रमुख आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं 'रेंजर' जहाज पकडलं तिथवर या. तोवर चिडलेला माणूसच प्रश्न विचारायला लागतो.

दुसरी कसोटी किल्ल्यातल्या साहेबाच्या ओट्यांवर, म्हणजे चौथऱ्यांवर. 18 ऑगस्टला इथे हेलियम दिन होतो, आणि लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने 1868 च्या ग्रहणात याच ओट्यांवर हेलियम शोधला, असं सर्रास सांगितलं जातं. त्या ग्रहणात यान्सेन हे फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होते आणि लॉकियर इंग्लंडात. हेलियमचा शोध ज्या पिवळ्या रेषेवरून लागला, ती सूर्याच्या वर्णपटातली रेषा लॉकियरनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिकडूनच पाहिली. विजयदुर्गला ते आले 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाला, आणि 'मेलपोमीन' या युद्धनौकेवरचे खलाशी त्यांच्या निरीक्षणांत मदतीला होते. मला विचाराल तर खरी गोष्टच जास्त रंगतदार आहे: आंग्र्यांच्या किल्ल्यात ब्रिटिश नौसैनिक आकाशाकडे बघत उभे! पण गावकऱ्यांसमोर हे बोलताना जिभेवर साखर ठेवा. ही आठवण त्यांनीच जपली आहे.

समुद्रातल्या पाण्याखालच्या भिंतीबद्दलही तेच. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिची पाहणी केली आहे, एवढं सांगा. तिच्यावर आपटून किती जहाजं बुडाली याचे आकडे ऐकाल, ते पुढे ढकलू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात: केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा 'इन्क्रेडिबल इंडिया टुरिस्ट फॅसिलिटेटर' हा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, तो करा. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे, त्यांचे नियम वाचून ठेवा. इंग्रजी मोडकंतोडकं चालतं. मालवणी मात्र लपवू नका, पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना तीच ऐकायची असते.

या धंद्यावर वर्षभर घर चालत नाही, हे आत्ताच ऐकून ठेवा. दिवाळी ते मे माणसं येतात, पावसात जवळजवळ कुणी नाही. बहुतेकांचा आंब्याचा किंवा खानावळीचा जोडधंदा असतोच. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि तांडेल मोकळे. त्यांच्याकडे जाऊन बसा, परबाण कशाला म्हणतात आणि शीड कसं फिरवतात ते विचारा. जाताना चहापूड-साखर घेऊन जा.