पॉलिलॅक्टिक ॲसिडच्या पटलावर प्लाझ्मा प्रक्रिया कशी करावी

पॉलिलॅक्टिक ॲसिड हे लांब साखळ्यांसारख्या रेणूंचे प्लास्टिक (बहुवारिक) शरीरात हळूहळू विघटित होते, परंतु त्याच्या पृष्ठभागाला पाण्याची ओढ कमी असल्याने पेशी त्यावर नीट रुजत नाहीत. प्लाझ्मा प्रक्रियेत (प्लाझ्मा म्हणजे विजेने आयनित केलेला वायू) केवळ वरचे काही नॅनोमीटर बदलतात आणि आतल्या पदार्थाची ताकद शाबूत राहते, हा तिचा मोठा गुण आहे.

पटल इथेनॉलने धुऊन ४० अंश सेल्सिअसला निर्वातात वाळवावे आणि चिमट्याने कडेलाच धरावे, कारण बोटाच्या तेलकट ठशाखाली प्रक्रिया पोहोचत नाही. कक्ष निर्वात केल्यावर ऑक्सिजन सोडून दाब ०.२ ते ०.५ मिलिबार ठेवावा. पंपात साधे खनिज तेल असल्यास ऑक्सिजन मुळीच वापरू नये; त्यातून आग लागू शकते. पृष्ठभागावर अमाइन गट (नायट्रोजनयुक्त रासायनिक गट) हवे असतील, तर अमोनिया निवडावा.

१३.५६ मेगाहर्ट्झच्या रेडिओ-लहरींनी प्लाझ्मा तयार करणाऱ्या यंत्रावर कमी शक्तीने ३० सेकंदांपासून सुरुवात करावी. हे बहुवारिक साधारण ६० अंशांना मऊ पडते, म्हणून पटलाची कड वळू लागली की थांबावे आणि पुढच्या वेळी मध्ये विश्रांती देत प्रक्रिया करावी.

यानंतरची पाण्याच्या थेंबाची चाचणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मूळ पटलावर थेंब फुगीर बसतो आणि स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) ७५ ते ८० अंशांच्या आसपास भरतो. प्रक्रियेनंतर तोच थेंब पसरतो. मात्र कोन फारच खाली गेला म्हणून समाधान मानू नये. प्रक्रिया लांबली की साखळ्या तुटतात आणि त्यांचे आखूड तुकडे पृष्ठभागावर सैल पडून राहतात; पेशी त्यांना चिकटल्या, तरी पेशींच्या पोषक द्रवात (माध्यमात) ते तुकडे विरघळले की त्याही सुटतात. म्हणून पटल पाण्याने धुऊन, वाळवून कोन पुन्हा मोजावा. तो बराच वाढला, तर वेळ कमी करावा. पेशींना चिकटण्यासाठी मदत करणारी फायब्रोनेक्टिनसारखी प्रथिने मध्यम ओल्या होणाऱ्या पृष्ठभागावर अधिक योग्य रीतीने बसतात.

हा परिणाम टिकाऊ नसतो. प्रक्रियेने पृष्ठभागावर आलेले ध्रुवीय (पाण्याला ओढणारे) गट आत वळतात आणि काही दिवसांत कोन पुन्हा चढतो. त्यामुळे निर्जंतुकीकरण आधीच उरकावे (ऑटोक्लेव्ह टाळावा, कारण उष्ण वाफेने साखळ्या तुटतात) आणि कक्षातून काढलेले पटल निर्जंतुक हाताळणीने, शक्यतो तासाभरात, कोलॅजेनच्या द्रावणात किंवा थेट पेशींच्या माध्यमात बुडवावे. तुलनेसाठी शेजारच्या खाचेत प्रक्रिया न केलेले पटलही ठेवावे.