स्मार्ट बल्ब ॲपला सापडेना, तेव्हा

आईच्या खोलीसाठी ९ वॅटचा स्मार्ट बल्ब घेतला. पिनवाला, म्हणजे बी२२ होल्डरचा, त्यामुळे बसवायला मिनिटही लागलं नाही. पुढचा दीड तास मात्र ॲपने खाल्ला. बल्ब भराभर लुकलुकतोय, म्हणजे जोडणीला तयार. पण ॲपमधला आकडा वाढत वाढत जातो आणि शेवटी ‘डिव्हाइस सापडलं नाही’. तीनदा वाय-फायचा पासवर्ड टाकला, ॲप काढून पुन्हा टाकलं. बल्बच खराब म्हणून परत करायला खोकं शोधलं.

त्या खोक्यावरच बारीक अक्षरांत होतं: फक्त २.४ गिगाहर्ट्झ वाय-फाय. आमचा राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही बँड (वाय-फायच्या लहरींचे पट्टे) एकाच नावाने देतो, आणि फोन राउटरजवळ असला की ५ वरच जाऊन बसतो. बल्बला तो बँड ऐकूच येत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना वेगळी नावं दिली, फोन २.४ वाल्यावर जोडला, मोबाइल डेटा बंद केला, ॲपला लोकेशनची परवानगी दिली. (बल्ब लावायला लोकेशन कशाला, असं मलाही वाटलं, पण आजूबाजूची वाय-फाय शोधायला ॲपला ती लागते.) भिंतीवरच्या बटणाने बल्ब सलग काही वेळा चालू-बंद करून रीसेट केला. या खेपेला अर्ध्या मिनिटात जोडला गेला. नंतर फोन परत ५ वर नेला तरी चालतोय.

आता अडचण वेगळीच. आई सवयीने बटण बंद करते, आणि वीजच नसली की ॲप तरी काय करणार! बटणावर चिकटपट्टी लावली होती. ती तिने कालच काढली.