बोंबील विरघळतो, बांगडा बाधतो? या चुका टाळा

माशाचं जेवण बिघडलं की दोष मसाल्यावर जातो. खरी चूक आधीच झालेली असते: सगळ्या मासळीला आपण एकाच मापाने जोखतो.

बोंबलाचंच बघा. "तव्यावर टाकला की विरघळतो," ही नेहमीची तक्रार. त्याच्या अंगात पाणीच फार. सुरमईसारखा मसाला चोळून थेट तळायला घेतला तर लगदाच होणार. पोटाकडून चिरून उघडा, मधला काटा काढा, मीठ लावून फडक्यात गुंडाळा आणि पाट्याखाली अर्धा तास दाबून ठेवा. पाणी निघालं की मग मसाला, रवा आणि चांगला तापलेला तवा. एक बाजू खरपूस होईपर्यंत उलथनं लावू नका. घाई इथेच नडते.

बोटाने दाबून ताजेपणा बघायची कसोटीही बोंबलाला लागू नाही, तो मऊच असतो. तोंडाजवळची गुलाबी झाक आणि अंगाची चकाकी बघा. बांगडा मात्र आडवा धरला की ताठ राहायला हवा, कल्ले लाल हवेत.

बांगडा, तारली, कुपा (ट्यूना) यांच्याबाबतची चूक मला सगळ्यांत गंभीर वाटते. ही मासळी उबेत पडून राहिली की तिच्यात हिस्टामीन नावाचं त्रासदायक रसायन तयार होतं आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. जेवल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, खाज सुटते, डोकं दुखतं. लोक म्हणतात, "मला बांगडा सोसत नाही." पुष्कळदा माशाची जात निर्दोष असते, बर्फ कमी पडलेला असतो. बाजारात मासळी शेवटी घ्या, बर्फातूनच घरी आणा. त्रास जास्त वाटला, श्वास लागला तर लगेच डॉक्टरकडे जा.

सुरमईचे आयते तुकडे घेऊ नका, कुपाही त्यात खपून जातो. त्याचं मांस गडद लालसर असतं. अख्खा मासा बघून समोर कापून घ्या. हलव्याला काळं पापलेट म्हणतात खरं, पण त्याचं कूळ वेगळं. मांस घट्ट, त्यामुळे कालवणात छान टिकतो. त्याला पापलेटची स्वस्त आवृत्ती समजणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आणि तळहातापेक्षाही लहान पापलेट कृपा करून घेऊ नका. 2023 मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, तो त्याची संख्या घटत चालल्याच्या काळजीतूनच. अंडी घालायच्या आधीच पकडलेलं ते पिल्लू असतं. विकणाऱ्या मावशींना तसं सांगा आणि त्या दिवशी मांदेली घ्या.