सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड: या चुका टाळा

लोकमान्यनगर असो की सुदामानगर, इंदूरच्या पुष्कळ मराठी घरांत आजी-आजोबांचं आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे केंद्राच्या आयुष्मान भारत आरोग्य योजनेचं ज्येष्ठांसाठीचं कार्ड, एव्हाना निघालंय. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला ते मिळतं. पेन्शन किती, घर कुणाचं, हे कुणी विचारत नाही. वर्षाला ५ लाखांपर्यंतचा इलाज कॅशलेस. कार्ड निघतं, लॅमिनेट होतं आणि कपाटात जातं. घोळ सुरू होतो तो भरती करायची वेळ आली की.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे "तुमच्याकडे आयुष्मान चालतं का?" एवढंच विचारून रुग्णाला आत नेणं. काउंटरवरचा मुलगा "हो, चालतं" म्हणतो, आणि तो खोटंही बोलत नसतो. पण रुग्णालयं योजनेला विभागवार जोडलेली असतात. हाडांच्या इलाजासाठी जोडलेलं रुग्णालय हृदयासाठी जोडलेलं असेलच असं नाही. म्हणून आजाराचं नाव घेऊन विचारा: "अँजिओप्लास्टी आयुष्मानमध्ये होईल का?" शिवाय काही इलाज फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत आणि ही यादी राज्यागणिक बदलते. तसं निघालं तर इंदूरच्या एम.वाय. किंवा सुपर स्पेशालिटी या सरकारी रुग्णालयांचाच रस्ता. एम.वाय.चं नाव काढल्यावर नाकं मुरडणारे आपल्यात आहेत, ठाऊक आहे. पण लाखांचं बिल समोर आल्यावर नाक मुरडून भागत नाही. योजनेच्या संकेतस्थळावर जिल्हा आणि विभाग निवडून रुग्णालयं शोधता येतात. बाबांना हृदयाचा त्रास असेल, तर घराजवळची दोन-तीन नावं आजच फ्रिजवर चिकटवून ठेवा.

योजनेबाहेरच्या रुग्णालयात पैसे भरायचे आणि मग बिलं जोडून परत मागायचे, हा हिशेब इथे चालत नाही. तसंच कार्ड डिस्चार्जच्या दिवशी बाहेर काढू नका. भरती होतानाच आयुष्मान मित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, भेटा, कारण इलाजाची मंजुरी आधी घ्यावी लागते.

दुसरा गैरसमज पैशांचा. आई आणि बाबा दोघंही सत्तरीपुढचे असले, तरी ५ लाख दोघांत मिळून असतात, प्रत्येकी नव्हे. घरात आधीपासून कुटुंबाचं आयुष्मान कार्ड असेल, तर ज्येष्ठांना वरचे ५ लाख वेगळे मिळतात आणि त्यात मुला-सुनांचा वाटा नसतो. मात्र त्यासाठी ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) करून नवं कार्ड काढावं लागतं. जुन्याच कार्डावर विसंबून राहिलात तर हे वाढीव संरक्षण हातचं जातं.

आता आधार. वय फक्त आधारवरूनच मोजलं जातं. शाळेचा दाखला ७२ सांगतोय आणि आधारवर ६८ असेल, तर आधी आधार दुरुस्त करा. जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, तेव्हा कागद नीट जमवूनच जा. दुसरी अडचण मोबाइलची: जोडलेला नंबर केव्हाच बंद पडलेला, ओटीपी येणार कुठून? आजींच्या बोटांचे ठसेही पुसट झालेले असतात. अशा वेळी चेहऱ्यावरून किंवा डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटवता येते. कार्ड काढण्याच्या केंद्रावरच्या माणसाने "होत नाही" म्हटलं तरी हे विचारल्याशिवाय परतू नका.

महूकडच्या माजी सैनिकांनी आणि केंद्राच्या पेन्शनरांनी जरा थांबून विचार करावा. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) किंवा सीजीएचएस (केंद्राच्या कर्मचारी-पेन्शनरांची) आणि ही योजना, दोन्ही एकदम मिळत नाहीत. एक निवडावी लागते. आयुष्मान फक्त भरती झाल्यावरच्या इलाजाचं आहे. दर महिन्याची बीपी-शुगरची औषधं, ओपीडीची फी यात येत नाही, ती त्या जुन्या योजनांत मिळतात. माझ्या मते ज्यांची औषधं तिथून नियमित येतात त्यांनी ती सोडू नये. खासगी पॉलिसीवाल्यांना मात्र असा पेच नाही, दोन्ही ठेवता येतात. "आता सरकारचं आहे ना" म्हणून पॉलिसीचा हप्ता थांबवलात, तर या वयात नवी मिळणं कठीण.

जुना आजार आहे म्हणून कार्ड काढायला कचरू नका. मधुमेह असो की किडनीचा त्रास, पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळतं, प्रतीक्षा काळ नाही. मुलाकडे पुण्याला गेलेल्या आजोबांनाही तिथल्या जोडलेल्या रुग्णालयात हेच कार्ड चालतं, म्हणून ते प्रवासाच्या पिशवीत असू द्या.

मंजूर झालेल्या इलाजासाठी कुणी डिपॉझिट किंवा "वरचा फरक" मागितला, तर भरण्याआधी योजनेच्या हेल्पलाइनवर, १४५५५ वर, फोन करा. मध्य प्रदेशात १८१ची सीएम हेल्पलाइनही आहे. पैसे भरावेच लागले तर पावती सोडू नका, तक्रारीत तीच कामाला येते.

आणि घरी निघताना औषधं मागून घ्या. डिस्चार्जनंतरच्या १५ दिवसांचा खर्च पॅकेजमध्येच असतो. घाईघाईत रिक्षात बसलेले लोक तीच औषधं कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून स्वतःच्या पैशाने घेतात.