रिफिलमध्ये चढणारं पाणी

द्रवाचं प्रसरण शिकवताना मी फळ्याआधी बाटली काढते. इंजेक्शनची रिकामी काचेची बाटली उकळून घ्या, लाल शाईच्या पाण्याने काठोकाठ भरा. रबरी बुचाला दाभणाने भोक पाडून त्यात टोक कापलेली, धुतलेली रिफिल घट्ट बसवा. आत बुडबुडा राहता कामा नये. हवा पाण्याहून कितीतरी जास्त प्रसरण पावते आणि मुलं भलतंच कारण शिकतात. रिफिलमधल्या पाण्यापाशी खूण करा.

आता बाटली गरम पाण्याच्या वाटीत ठेवा (गरम पाणी मोठ्यांनीच ओतायचं). नजर हलवू नका! पाणी आधी किंचित खाली उतरतं, मग सरसर चढतं. काच आधी तापते, बाटली जरा मोठी होते, म्हणून ही उतरण. ती मुलांनाच दिसू द्या, आपण आधी बोलायचं नाही.

पुढच्या तासाला पाण्याऐवजी गोडेतेल घ्या. ते आणखी वर जातं.