हार्ट फेल्युअर: प्लाझ्मातला मायक्रो-आरएनए मोजण्याची पद्धत

दम लागलेल्या रुग्णांतून हार्ट फेल्युअरचे रुग्ण वेगळे ओळखायला मिर-४२३-५पी हा मायक्रो-आरएनए (जनुकांचं काम नियंत्रित करणारा छोटा आरएनए) उपयोगी पडतो, असं २०१० मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी दाखवलं. रेणू अवघ्या २३ न्यूक्लिओटाइडांचा. तो मोजताना घोटाळे होतात ते बहुतेक पीसीआरच्या (प्रती वाढवून मोजण्याच्या चाचणीच्या) आधीच.

रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये घ्या, सुई २१ गेजची. हिरव्या टोपणाची ट्यूब नको: तिच्यातलं हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) आरएनएसोबत शेवटपर्यंत येतं आणि पीसीआरची एन्झाइमं अडवतं. हृदयरुग्णांत ट्यूब बरोबर असूनही हा त्रास होतो, कारण कॅथलॅबमध्ये (हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासण्याच्या खोलीत) शिरेतूनच हेपरिन दिलेलं असतं. मग सीक्यू (पीसीआरच्या ज्या चक्राला संकेत दिसू लागतो तो आकडा) उशिरा येतो आणि मायक्रो-आरएनए 'घटलेला' दिसतो. नमुना हेपरिनच्या आधीच घ्या. ते जमलं नसेल तर आरएनएवर हेपरिनेझ (हेपरिन तोडणारं एन्झाइम) वापरा, पण सगळ्याच नमुन्यांवर.

दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये १,५०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या १,५०० पट जोराने) १० मिनिटं फिरवा. वरचा प्लाझ्मा काढताना बफी कोटवर (पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटच्या थरावर) अर्धा सेंटिमीटर प्लाझ्मा राहू द्या. तिथे लोभ महागात पडतो. तो प्लाझ्मा नव्या ट्यूबमध्ये पुन्हा २,५०० जी वर १५ मिनिटं. उरलेल्या प्लेटलेट काढणारी ही फेरी कधीच वगळू नका. प्लेटलेटमध्ये मिर-२२३ आणि मिर-१२६ भरपूर असतात, आणि प्लेटलेटरोधक गोळ्यांनी प्लाझ्मातलं त्यांचं प्रमाण उतरतं. गोळीचा परिणाम मग आजाराच्या नावावर जमा होतो. प्लाझ्माचे छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा. एक भाग एकदाच वितळवायचा.

फुटलेल्या लाल पेशी डोळ्यांना दिसतीलच असं नाही. ४१४ नॅनोमीटर तरंगलांबीला प्रकाशाचं शोषण ०.२ च्या वर गेलं तर नमुना बाजूला ठेवा. पीसीआरनंतर मिर-२३ए च्या सीक्यूमधून लाल पेशींत भरपूर असणाऱ्या मिर-४५१ए चा वजा करा. फरक ७ पेक्षा जास्त आला तर हेमोलिसिसचा (लाल पेशी फुटल्याचा) दाट संशय.

२०० मायक्रोलिटर प्लाझ्मात आधी लायसिस द्रावण (प्रथिनं निकामी करून आरएनए मोकळा करणारं), ५ मिनिटं थांबून मगच सेल-मिर-३९ (तुलनेसाठी मुद्दाम घालायचा, कृमीतल्या मायक्रो-आरएनएची कृत्रिम प्रत). क्रम उलटला तर प्लाझ्मातले आरएनेझ (आरएनए तोडणारी एन्झाइमं) तो लगेच तोडतात. नॅनोड्रॉपचा (प्रकाशशोषणावरून आरएनए मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा इथे निरर्थक, आरएनए फारच कमी निघतो. प्रत्येक नमुन्याचं समान आकारमान घ्या. प्लाझ्मासाठी यू६ (पेशीतला एक छोटा आरएनए) हा तुलनेचा संदर्भ भरवशाचा नाही, स्थिर ठरलेले दोन-तीन मायक्रो-आरएनए वापरा. रुग्ण आणि निरोगी व्यक्तींचे नमुने प्रत्येक प्लेटवर मिसळून लावा, आणि नोंदवहीत एनटी-प्रोबीएनपीशेजारी (हार्ट फेल्युअरच्या नेहमीच्या रक्तचाचणीशेजारी) क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) व चालू औषधं लिहा.